बॉबिनताईचा बंदोबस्त

बॉबिनताईच्या गाडीच्या मागच्या पायरीपाशी रोज संध्याकाळी पुरुषाचे बूट असायचे, आणि त्या गाडीत पुरुष कधीच नव्हता. एवढी साधी गोष्ट चाळीस शहाण्या माणसांना पटवायला एक अख्खी सभा खर्ची पडली. पटल्यावर त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. म्हणून पहिल्यापासूनच सांगायला हवं.

बॉबिनताई शिलाई मशिनं दुरुस्त करते. वय बावन्न. धंदा वडिलांचा. ते दुकानात मशीन उघडून बसायचे तेव्हा ही सात-आठ वर्षांची पोर समोरच्या स्टुलावर बसून बॉबिनच्या केसमधला धाग्यांचा कचरा टाचणीने उकरून काढायची. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच, खरं नाव फक्त लायसन्सवर उरलंय. तिचा कान असा तयार आहे की शिंपी फोनवर नुसतं मशीन चालवून ऐकवतो आणि ही सांगते, "दात्यांखाली धागा गुंतलाय. पट्टी काढा, ब्रशने साफ करा, दोन थेंब तेल सोडा. मी यायची गरज नाही." आपल्या हाताने गिऱ्हाईक घालवणारी बाई. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायला लोकांना तीस वर्षं मिळाली आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली.

वडील गेले, मग दुकान विकलं. तिचा थोरला भाऊ, दादा, वाईट माणूस नाही. वाटणी चोख केली, "माझ्याकडेच राहायला ये" असंही म्हणाला. पण दादाच्या घरी राहणं म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावर झोपणं, आणि वहिनी उठायच्या आत पांघरुणाची घडी घालून इथे कोणी झोपलंच नव्हतं असं दाखवणं. तिने ते आठ दिवस केलं. नवव्या दिवशी भाड्याची खोली शोधायला बाहेर पडली.

अकरा खोल्या पाहिल्या. पहिल्या घरमालकाने विचारलं, "एकट्याच?" दुसऱ्याने विचारलं, "मग येणार-जाणार कोण?" तिसऱ्या घरमालकिणीला ती आवडली होती, बसवून चहासुद्धा दिला, आणि चहा संपल्यावर म्हणाली, "आमचं काही नाही हो, पण शेजारी नावं ठेवतात." शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आमचं काय जातंय, घरमालकीणच जरा तशी आहे." एकाने तर भाऊ महिन्यातून किती वेळा भेटायला येणार आणि तो सख्खाच कशावरून, याचा कागद मागितला. आणि हीच माणसं, बरं का, सकाळी फोन करून "ताई, लवकर या, युनिफॉर्मचा ढीग पडलाय" म्हणून काकुळतीला येणारी. मशीनच्या पोटात हात घालायला एकटी बाई चालते. तीच खोलीत राहायला आली की सगळ्यांच्या पोटात दुखतं.

बारावी खोली तिने विकतच घेतली. तिला चार चाकं होती.

पावाच्या कंपनीची जुनी डिलिव्हरी व्हॅन. उन्हात तापली की अजून तिला भाजल्या पावाचा वास सुटतो. पूर्वी जिथे पावाचे ट्रे सरकवायचे त्या खणांत आता सुयांच्या डब्या, पट्टे, शटल, स्प्रिंगा. समोरच्या बाजूला फळी, फळीवर गादी, फळीखाली कपडे आणि पाण्याचे कॅन. मागच्या दाराशी शेगडी, शेगडीच्या डोक्यावर धूर झाला की वाजणारी घंटा, दाराच्या आतून जाड पोलादी कडी. ती कडी तिने एका मोडीत निघालेल्या कारखानी मशीनच्या दांड्यातून स्वतः घासून बनवली होती. बैल जुंपून ओढलं तरी निघायची नाही.

गाडीत राहायचं म्हटल्यावर तिला सल्ल्यांचा पाऊसच पडला, आणि त्यातले बहुतेक देणारे आयुष्यात एक रात्र गाडीत झोपलेले नव्हते. तिने आपले नियम आपण केले. गाडी नेहमी तोंड बाहेरच्या दिशेला करून लावायची, म्हणजे निघायची वेळ आली तर मागेपुढे करायला लागू नये. ड्रायव्हरच्या सीटवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. किल्ली झोपण्याच्या उशीच्या उजव्या अंगाच्या खिळ्याला, अंधारात हात बरोबर तिथेच गेला पाहिजे. जेवण एका ठिकाणी करायचं आणि झोपायला दुसरीकडे जायचं, कारण फोडणीचा वास लांबवर जातो आणि कोण राहतंय ते सांगत सुटतो. झोपताना गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा आणि खिडकीला दोन बोटं फट ठेवायची. कोणी दार वाजवलं तर उघडायचं नाही, "कोण" असंही म्हणायचं नाही, सरळ पुढे जाऊन इंजिन चालू करायचं. आणि रोज संध्याकाळी दादाला निरोप: "पोचले. कडी लावली." दादाचं उत्तर ठरलेलं: "सांभाळून राहा." जणू ती दिवसभर न सांभाळता हिंडत होती.

एवढं करूनही पहिल्याच वर्षी हायवेलगतच्या ट्रकतळावर तिची मागची काच फुटली. ती पुढच्या टपरीवर तोंड धुवायला गेली होती, तेवढ्यात. हत्यारांची पेटी गेली, वडिलांच्या हातची. चौकीत तक्रार द्यायला गेली तर तिथल्या माणसाने पेन खाली ठेवून विचारलं, "पण बाई, तुम्ही गाडीत राहताच का?" काच कोणी फोडली हे विचारायच्या आधी. तिने सांगितलं, "काच राहण्यामुळे फुटत नाही, दगडामुळे फुटते." त्या माणसाला ते उद्धट वाटलं. पेटी काही मिळाली नाही.

त्यानंतर तिला ती जागा मिळाली. शहराच्या मधोमध एक तीनमजली संकुल होतं. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर शिंप्यांचे कारखाने, वरती राहती घरं. तिथली एकतीस मशिनं हीच बघायची. आवारात सहाव्या खांबापाशी एक कोपरा होता, डोक्यावर दिवा, दहा पावलांवर नळ, पलीकडे कामगारांसाठीचं स्वच्छ शौचालय, फाटकावर वॉचमनमामा. समितीने महिन्याच्या भाड्यावर तिथे गाडी लावायला दिली. पहिल्या रात्री ती सलग सात तास झोपली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याआधीच्या वर्षभरात ती सलग तीन तासांवर कधी झोपली नव्हती. तुम्हाआम्हाला झोप म्हणजे गादीवर पडलं की लागते ती. तिला ती त्या सहाव्या खांबापाशी मिळाली, आणि ती जागा गेली तर पुन्हा तो ट्रकतळच होता.

आता बुटांचं. ते तिला ट्रकतळावरच्या एका टायरवालीने शिकवलं होतं. "पायरीपाशी पुरुषाचे बूट ठेवत जा. मोठे घे. मध्येच मोठ्याने कुणाशी तरी बोलत जा." बॉबिनताईने जुन्या बाजारातून दहा नंबरचे काळे बूट आणले, आणि रोज दिवेलागणीला दार लावता लावता मोठ्याने म्हणू लागली, "अहो, जेवून घ्या. अहो, ऐकलं का, उद्या लवकर निघायचंय." उभ्या जन्मात तिने कुणाला "अहो" म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं. मग सवय झाली, आणि कधीकधी अहोंवर ती खरोखरच चिडायची, काम जास्त झालेलं असलं की.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो तिच्या हाताच्या सफाईमुळे. जन्मभर मशिनं पाहिलेली बाई. जो भाग हलत नाही त्याच्यावर धूळ बसते, आणि ती धूळ तिला दारातूनच दिसते. एका जागी महिनाभर बसलेले ते बूट बघून तिला वाटलं, कोणी जरा निरखून पाहिलं तर फसवणूक लगेच उघडी पडेल. अगदी सगळं जग तिच्यासारखंच धूळ निरखत बसल्यासारखं. म्हणून तिने आणखी दोन जोड आणले, एक तपकिरी कामाचा, एक कापडी रबरी तळाचा. आळीपाळीने ठेवू लागली. एवढ्यावर थांबेल तर ती बॉबिनताई कसली. कानस घेऊन टाचा झिजवल्या. तपकिरी बुटांना चिखल लावला आणि दोन दिवसांनी अर्धाच पुसला. एखादा बूट वेंधळेपणाने काढल्यासारखा तिरका टाकायचा, हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर औषधवाल्या काकू राहायच्या. खाली त्यांचं औषधांचं दुकान. साठीच्या, चष्म्याच्या, आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी सहाव्या खांबावर उघडणारी. बाई मनाने वाईट नाही, पण औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेली. कुठली बाटली फळीवर नसावी ते तिला नजरेनेच कळतं. तिने दोन महिने बूट पाहिले. सोमवारी काळे, मंगळवारी तपकिरी, बुधवारी कापडी, गुरुवारी परत काळे. कॅलेंडरवर टिपून ठेवलं. वरून "अहो" ऐकू यायचं तेही तिघांना एकाच सुरात. काकूंनी जे अनुमान काढलं ते कोणीही काढलं असतं, हे मी कबूल करतो. पण अनुमान काढून माणूस जिना उतरून विचारू शकतो. काकू जिना उतरल्या त्या सरळ चिटणिसांच्या दुकानात.

संकुलाच्या समितीचे चिटणीस म्हणजे तळमजल्यावरचे पडदेवाले. लोकांच्या घरात कोणी डोकावू नये म्हणून पडदे विकणारा माणूस. त्यांनी त्याच दिवशी बॉबिनताईच्या काचेवर नोटीस चिकटवली: आपल्या वाहनात वेळी-अवेळी निरनिराळ्या पुरुषांचा वावर असल्याची तक्रार आली आहे, रविवारी सकाळी अकरा वाजता सभेपुढे खुलासा करावा, अन्यथा जागा खाली करावी.

तिने ती नोटीस उभ्याउभ्याच तीनदा वाचली. आधी हसू आलं, मग कान तापले, मग रडूच कोसळलं, आणि त्या रडण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. दादाला फोन केला. दादा म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" तिने फोन ठेवून दिला.

रविवारी वरच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर चाळीस माणसं जमली. समितीच्या हिशेबाच्या सभेला नऊ जण येतात, हे ध्यानात घ्या. बॉबिनताई आली ती हातात मोठी कापडी पिशवी घेऊन. चिटणिसांनी घसा साफ करून नोटीस वाचली. वाचून झाल्यावर तिने पिशवी टेबलावर उलटी केली. सहा बूट चिटणिसांच्या वहीवर धडाधड पडले.

"हे तिघेजण," ती म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते."

तिने काळा बूट उचलून पहिल्या रांगेतल्या गृहस्थांच्या हातात दिला. "आत हात घाला. माणूस बूट वापरतो तेव्हा आतल्या तळाला अंगठ्याचा खड्डा पडतो. आहे का?"

"नाही," ते गृहस्थ म्हणाले.

"टाच बघा. माणूस चालला की टाच एका कडेने झिजते. ही अख्खी सपाट झिजलीय, आणि आडवे ओरखडे आहेत. ती कानस आहे, माझी. हा चिखल नळापाशचा, हातानं लावलेला." मग तिने सगळं सांगितलं. ट्रकतळ, काच, टायरवाली, "अहो". धूळ बसू नये म्हणून तीन जोड, हेही.

हॉल हसायला लागला. हसणं वाईट नव्हतं, सुटल्यासारखं होतं. औषधवाल्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. त्या उठून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी खाली येऊन विचारायला हवं होतं. बाई, मला माफ कर." बॉबिनताईने मान हलवली. इतका साफ शब्द तिला त्या वर्षात कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाला नव्हता. तिला वाटलं, झालं, संपलं.

तेव्हा चिटणिसांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे ताई, तुम्ही तिथे रात्रीच्या अगदी एकट्याच असता?"

"हो," ती म्हणाली. आणि तो शब्द तोंडातून निसटला त्याच क्षणी तिची नजर हॉलभर फिरली. चाळीस माणसं. मागे दाराशी उभे राहिलेले, कधीच न पाहिलेले आणखी पाच-सहा. वर्षभर राखलेली गोष्ट तिने नाव वाचवायच्या भरात भर सभेत सांगून टाकली होती. घराची कडी आतून स्वतःच काढून दिली होती, पुरावे दाखवून, समजावून.

"मग तर प्रश्न गंभीर आहे," चिटणीस म्हणाले. "एकटी बाई आवारात. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची?"

दहा मिनिटांपूर्वी पुरुष येतात म्हणून तिला काढणार होते. आता पुरुष येत नाहीत म्हणून. आणि हॉलमधली चांगली चांगली माणसं माना डोलावत होती, खरंच आहे, खरंच आहे, काळजीने. मला त्या काळजीचा जितका राग येतो तितका उघड शिवीचा येत नाही.

ठराव झाला. जागा ठेवायची असेल तर कागदावर एका जबाबदार व्यक्तीची सही हवी. भाऊ चालेल, नाहीतर संकुलाचा एखादा सभासद. बॉबिनताई म्हणाली, "मी स्वतः सही करते. गाडी माझी, लायसन्स माझं, भाडं मी भरते." चिटणीस म्हणाले, "तुमच्याबद्दलच तर जबाबदारी घ्यायची आहे, तुम्ही कशी घेणार?"

काकू पुन्हा उठल्या. "द्या इकडे. मी करते."

"काकू, सभासदाची लागते. फ्लॅट काकांच्या नावावर आहे, सभासद काका आहेत."

"औषधांचा परवाना माझ्या नावावर आहे," काकू म्हणाल्या. "झोपेची एक गोळी माझ्या सहीशिवाय फळीवरून हलत नाही. ह्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांचा जीव माझ्या सहीवर आहे. आणि गाडी उभी करायला माझी सही चालत नाही?"

"नियम आहे," चिटणीस म्हणाले, आणि कागद मागच्या रांगेत गेला. तिथे काका पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी हातातल्याच पेनाने सही केली आणि परत करताना विचारलं, "कुठली गाडी?"

बॉबिनताईला त्या क्षणी तो कागद फाडून टाकावासा वाटला. पण डोळ्यांपुढे ट्रकतळ उभा होता, काचांचा सडा आणि वडिलांची पेटी. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याबद्दल तिने स्वतःला बरेच दिवस बोल लावला. मी लावणार नाही. झोपेसाठी माणूस काय काय गिळतो ते ज्याची झोप उडालीय त्यालाच विचारावं.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता दारावर टकटक झाली. चिटणीस होते. "सहजच. सगळं ठीक ना? म्हटलं बघून यावं, सुरक्षा म्हणून." मंगळवारी समितीच्या अध्यक्षांचे मेहुणे बॅटरी घेऊन आले आणि पडद्याच्या फटीतून आत उजेड मारून गेले, सुरक्षा म्हणून. बुधवारी एक जण आला, त्याला तिने कधी पाहिलंच नव्हतं. "एकट्या असता असं कळलं, काही लागलं तर संकोच करू नका." गुरुवारी दोघे मिळून आले आणि पायरीवर बसून गप्पा मारू लागले. संकुलात वर्षभरात एकही पुरुष तिच्या दारापर्यंत आला नव्हता. समितीने बंदोबस्त केला आणि चार दिवसांत पाच आले.

तिने नियमाप्रमाणे दर वेळी पुढे जाऊन इंजिन चालू केलं. त्यावर धुराची तक्रार झाली. वॉचमनमामा फाटकापाशी मान खाली घालून उभा असायचा. शुक्रवारी सकाळी तिने विचारलं, तर तो म्हणाला, "मी कुणाला अडवू, ताई? सगळे सभासदच."

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला टकटक झालीच नाही. ती फळीवर बसून एका शटलला तेल घालत होती, आणि दाराची आतली मूठ हळूच खाली गेली. मग वर आली. मग परत खाली, या वेळी जोर लावून. दांड्याची कडी जागची हलली नाही. बाहेर कोणाचा तरी श्वास ऐकू आला, मग लांब जाणारी पावलं, न घाई करता. कोण होतं ते तिला कळलं नाही. ती पुढे जाऊन इंजिन चालू करायचीही विसरली. तेलाचा कॅन हातात धरून तशीच बसून राहिली.

शनिवारी दुकान उघडताच ती चिटणिसांपुढे उभी राहिली. हातात तिने लिहिलेली तक्रार. माझ्या वाहनापाशी रोज संध्याकाळी निरनिराळे पुरुष येतात, असं पहिलं वाक्य होतं. खाली वार, वेळ, ओळखीच्या चौघांची नावं, त्यात चिटणिसांचंही, आणि शेवटी शुक्रवारच्या मुठीबद्दल तीन ओळी. चिटणिसांनी कागद वाचला, स्वतःचं नाव आलं तिथे जरा थांबले, मग शेवटपर्यंत वाचून खाली सहीकडे पाहिलं.

"ही घेता येणार नाही, ताई."

"का?"

"तुमच्या जागेचा कागद काकांच्या नावाने आहे ना आता. तक्रार जबाबदार व्यक्तीच्या सहीने यायला हवी."

ती ओरडली नाही. म्हणाली, "मग माझं दार वाजवतानाही त्यांचीच परवानगी काढत जायची होतीत."

सभेनंतर चिटणिसांनी गाडीच्या काचेवर चिकटवलेला तो सहीचा कागद तिने ओल्या फडक्याने भिजवून अख्खा काढला, चिटणिसांच्या पडद्यांच्या ठाणांवर ठेवला, आणि गाडीत बसली. तोंड बाहेरच्या दिशेलाच होतं, मागेपुढे करावं लागलं नाही. फाटकापाशी काकू चपला घालायच्याही विसरून धावत आल्या आणि खिडकीला धरून म्हणाल्या, "कुठे जाशील?" बॉबिनताईने वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

संकुलात ती आजही येते. दिवसा येते, एकतीस मशिनं बघते, पाच वाजता निघते. चिटणीस भेटले की विचारतात, "आता कुठे लावता हो गाडी?" काळजीनेच विचारतात. ती सुईचा स्क्रू आवळत राहते. वॉचमनमामाने विचारलं, शिंप्यांनी विचारलं, एकदा काकांनीसुद्धा, कोणीतरी आठवण करून दिल्यावर. काकूंना ठाऊक आहे, त्या सांगत नाहीत. मलाही ठाऊक आहे. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, मीही सांगणार नाही. तुम्ही चांगलीच माणसं असाल. त्या सभेतही चाळीस चांगलीच माणसं होती.